वर्दी आणि हुद्दा

आपल्याकडील एखादा वैद्यकसंशोधक जिनिव्हास नेमला गेला, अथवा जागतिक आरोग्य संघटनेच्या एखाद्या मंडळावर त्याची निवड झाली, म्हणजे त्यासंबंधी जो मजकूर छापून येतो त्याची मांडणी आता ठरून गेलेली आहे. आरंभी गावाचे नाव व तेथील दुष्काळ, त्यानंतर वडिलांची ओढगस्त, मग शिष्यवृत्ती, परदेशगमन, आणि अखेरीस तो हुद्दा, ज्याच्या नुसत्या उच्चाराने तालुक्याने कृतार्थ व्हावे. निजामी अंमलात शाळा-दवाखान्यांना दीर्घकाळ पारख्या राहिलेल्या मराठवाड्यासारख्या मुलखात हा अभिमान स्वाभाविक आहे, आणि त्याची टवाळी करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु ज्या कल्पनेवर तो उभा असतो ती कल्पना उथळ आहे, असे माझे मत झालेले आहे. ती कल्पना अशी, की संसर्गरोगाच्या अभ्यासकाचे आयुष्य हा एक जिना असून त्याच्या तळाशी गाव आणि माथ्यावर जग असते. चढणारा चढत गेला, की खालच्या पायऱ्यांशी त्याचा संबंध कृतज्ञतेपुरता उरतो, आणि तोही बहुधा सत्कारसमारंभात.

माझे प्रतिपादन याच्या उलट आहे. अन्य शास्त्रांत काय असेल ते असो, साथीच्या रोगांच्या शास्त्रात हुद्दा हा वर्दीचा आश्रित असतो. तळच्या माणसाने दिलेली वर्दी जितकी खरी, वेळेवर आणि निर्भय, तितकेच माथ्यावरच्या माणसाचे नेतृत्व समर्थ. आणि त्या नेत्याच्या कारकिर्दीचे मोजमाप करावयाचे झाल्यास, वर्दी देणाऱ्याचे संरक्षण त्याने किती केले, एवढ्याच मापाने ते करावे लागेल. हे मी बीड जिल्ह्यातील एका खेड्याच्या आणि मुंबईतील एका प्लेग-संशोधकाच्या आधारे सिद्ध करू इच्छितो.

१. संसर्गाचे ज्ञान प्रथम कोणाला होते

प्लेगचा जंतू येर्सँ याने १८९४ साली हाँगकाँगमध्ये शोधला, आणि उंदरावरची पिसू तो माणसापर्यंत पोचविते हे सिमाँ याने १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखविले. या दोन्ही शोधांची थोरवी निर्विवाद आहे. तथापि उंदीर पडू लागले की घरे सोडून माळावर झोपड्या घालाव्यात, ही वहिवाट गढवाल-कुमाऊँच्या डोंगरी लोकांत त्यापूर्वीपासून होती. त्यांना जंतू ठाऊक नव्हता, पिसवांचा गुन्हा ठाऊक नव्हता; परंतु घटनांचा क्रम ठाऊक होता, आणि साथीच्या शास्त्रात क्रम ठाऊक असणे हे अर्धे ज्ञान होय. मेलेल्या उंदराचे शरीर थंड पडू लागले म्हणजे त्यावरच्या पिसवा उपाशी होऊन दुसरे रक्त शोधतात, आणि घरात उंदराखालोखाल हाताशी असलेले रक्त माणसाचे असते. शास्त्राने सांगितले ते या क्रमाचे कारण. क्रम गावाने अगोदर पाहिला होता.

हीच गोष्ट क्षयाच्या बाबतीत निराळ्या तऱ्हेने घडली. मद्रासेत १९५६ साली स्थापन झालेल्या क्षयोपचार केंद्राने, दाटीवाटीच्या वस्तीतील दरिद्री रुग्णांना घरीच ठेवून औषध दिले असता ते आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे होतात, हे १९५९ साली जगापुढे मांडले. आणि युरोपातील थंड हवेच्या, रम्य टेकड्यांवरच्या आरोग्यधामांचे युग संपुष्टात येण्यास मद्रासच्या झोपड्यांतील आकडे मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाले. याच परंपरेच्या संस्थेत डॉ. सौम्या स्वामीनाथन १९९२ साली रुजू झाल्या. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले होते. पुढे त्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या महासंचालक आणि २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पहिल्या मुख्य शास्त्रज्ञ झाल्या. तो हुद्दा सोडताना, कोरोनाचा विषाणू हवेतून पसरतो हे संघटनेने पुष्कळ अगोदर स्पष्ट सांगावयास हवे होते, अशी कबुली त्यांनी दिली. इतक्या उंचावरून इतकी सरळ कबुली क्वचित येते, म्हणून तिचे मला मोल वाटते. परंतु तिच्यातून हेही निष्पन्न होते, की बंद खोल्यांत, गायनवृंदांत, बसगाड्यांत जे घडत होते त्याची वर्दी खालून येत असता ती माथ्यावर पटण्यास फार काळ लागला.

२. मामला, १९९४

आता बीडकडे वळू. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला या खेड्यातून, घरांत पिसवांचा उपद्रव अनावर झाल्याची तक्रार आली. उंदीर मरून पडत असल्याचे दिसून आले. पाठोपाठ ताप आणि जांघेत किंवा काखेत गाठ, असे रुग्ण आढळू लागले. देशात माणसाला प्लेग झाल्याची सिद्ध नोंद १९६६ नंतर नव्हती. म्हणजे मधल्या २८ वर्षांत वैद्यांची एक संपूर्ण पिढी अशी तयार झाली होती, की जिने गाठीचा ताप केवळ पाठ्यपुस्तकात वाचला होता, आणि प्लेगवर पाळत ठेवणारी यंत्रणा वापरावाचून शिथिल झाली होती. आदल्या वर्षीच्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता; भीतीने लोकांनी घरे सोडली, साठविलेले धान्य आत राहिले, आणि रानातील व घरातील उंदरांची गाठ पडली, असे एक स्पष्टीकरण त्या वेळी पुढे आले.

या वर्दीचे स्वरूप बारकाईने पाहण्याजोगे आहे. पिसवा चावतात ही तक्रार सरकारदरबारी नेण्यासारखी आहे असे कोणाला तरी वाटले. ती ऐकून घेण्यासारखी आहे असे दुसऱ्या कोणाला तरी वाटले. आणि तिचा संबंध पडलेल्या उंदरांशी जोडावा असे तिसऱ्या कोणाच्या तरी मनात आले. या तिघांची नावे कोणत्याही गौरवग्रंथात नाहीत. यांपैकी एकानेही खांदे उडविले असते, तर दिल्लीच्या संसर्गरोग संस्थेपासून जिनिव्हापर्यंतच्या साऱ्या तज्ज्ञांना विचार करण्यास काही विषयच उरला नसता. पिसवांच्या तक्रारीसाठी कोणी आपल्या गावचे नाव बद्दू करून घेत नाही, हा व्यवहार ज्याला ठाऊक आहे त्याला या वर्दीची किंमत कळेल.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगचे रुग्ण आढळले, आणि काही लक्ष माणसांनी ते शहर सोडले. त्यापुढील गोंधळ सर्वश्रुत आहे. मृतांची संख्या पन्नाशीच्या आसपास राहिली, पण भीतीची गणती कोणी केली नाही. हा रोग प्लेग नसावाच, असे प्रतिपादन देशातील काही नामांकित सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी केले, प्रा. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने तज्ज्ञसमिती नेमली. आणि वादाचा निकाल लागण्यास काही वर्षे जावी लागली.

३. वर्दी देणाऱ्यास दंड

माझ्या युक्तिवादाचा कणा येथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रवास व व्यापार बंद करण्याचे कारण नाही असे सांगितले असताही आखाती देशांसह अनेक राष्ट्रांनी भारताकडील विमाने थांबविली, माल नाकारला, आणि या सर्वांमुळे भारताचे नुकसान दोन अब्ज डॉलरच्या घरात गेले, असा अंदाज वारंवार सांगितला जातो. अर्थ उघड आहे. ज्याने रोगाची इत्तला दिली त्याला दंड झाला, आणि ज्याने शेजारच्या देशात आपले रुग्ण मुकाट्याने पुरले त्याला काहीच झाले नाही. अशा बाजारात सत्य कोण विकावयास आणील?

त्या काळी अमलात असलेले १९६९ चे आंतरराष्ट्रीय आरोग्य विनियम पुढे केवळ पटकी, प्लेग आणि पीतज्वर एवढ्या तीनच रोगांपुरते उरले होते, आणि वर्दीपाठोपाठ येणारे निर्बंध टाळण्यासाठी राष्ट्रे पटकीला दुसरे नाव देत, ही गोष्ट संघटनेच्या दप्तरात गुपित नव्हती. पेरूतील १९९१ ची पटकी, भारतातील १९९४ चा प्लेग, आणि आफ्रिकेतील किकविट शहरातील १९९५ चा इबोला या तीन धक्क्यांच्या पार्श्वभूमीवर १९९५ च्या जागतिक आरोग्य सभेने या विनियमांची फेररचना करण्याचे ठरविले. दहा वर्षांनी, २००५ साली, नवे विनियम मान्य झाले आणि १५ जून २००७ पासून ते लागू झाले. त्यांनी रोगांची यादी बाजूला सारून, आंतरराष्ट्रीय चिंतेचा प्रसंग ठरू शकेल अशी कोणतीही घटना तिचे मूल्यमापन झाल्यापासून २४ तासांत कळविण्याचे बंधन घातले. सरकारखेरीज अन्य मार्गांनी आलेल्या वार्ताही विचारात घेण्याचा अधिकार संघटनेला दिला. आणि जादा निर्बंध लादणाऱ्या राष्ट्राने त्याचे शास्त्रीय कारण द्यावे, असे सांगितले.

म्हणजे मामल्याच्या पिसवांचा जगाच्या कायद्याशी संबंध लागतो. बीड जिल्ह्याने जागतिक आरोग्याला काय दिले, असा प्रश्न कोणी केल्यास कोणा सुपुत्राचा हुद्दा सांगण्यापूर्वी मी हे सांगेन.

कायदा झाला म्हणून दंड थांबला काय? २४ नोव्हेंबर २०२१ रोजी दक्षिण आफ्रिकेने कोरोनाच्या नव्या प्रकाराची, पुढे ज्याला ओमिक्रॉन म्हटले त्याची, तत्परतेने वर्दी दिली, आणि काही दिवसांतच श्रीमंत राष्ट्रांनी तिच्याकडील विमाने बंद केली. सत्तावीस वर्षांत आपण सुरतेहून फार पुढे आलो नाही.

४. एका हुद्देदाराची कथा

अशा जगात नेतृत्व कसे असावे? मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक साहिबसिंग सोखी यांचे उदाहरण येथे द्यावेसे वाटते. सोखी जन्माने पंजाबी, नोकरीने भारतीय वैद्यकीय सेवेतील. पण त्यांची कर्तबगारी परळची. वाल्डेमार हाफकिनने १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली, आणि ज्या प्रयोगशाळेतून तिच्या लक्षावधी मात्रा बाहेर पडल्या, तिचे पहिले भारतीय संचालक सोखी १९३२ साली झाले. (त्यांच्या पत्नी लीला या मेनका नावाने विख्यात झालेल्या नर्तकी, खंडाळ्यास त्यांनी नृत्यशाळा काढली. एकाच घरात प्लेग आणि कथक नांदावेत, हे मुंबईतच शक्य होते.) सोखींनी लस सुधारली, आणि डॉ. बी. बी. दीक्षित यांच्या सहकार्याने सल्फा औषधे प्लेगवर गुणकारी ठरतात हे दाखविले. १९५० ते १९५२ या काळात ते जागतिक आरोग्य संघटनेचे सहाय्यक महासंचालक होते.

इथपर्यंतची कथा ठरलेल्या मांडणीत चपखल बसते. परंतु ज्या गोष्टीमुळे मला सोखी महत्त्वाचे वाटतात ती या जिन्यावर नाही. काँग्रेसने १९३८ साली जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती नेमली, तिच्या आरोग्यविषयक उपसमितीचे प्रमुख सोखी होते. आणि प्रयोगशाळेत आयुष्य घालविलेल्या या माणसाने १९४० साली शिफारस केली ती मोठ्या प्रयोगशाळेची नाही, मोठ्या रुग्णालयाची नाही. दर हजार ग्रामस्थांमागे एक शिकविलेला आरोग्यसेवक असावा, ही त्या उपसमितीची मुख्य मागणी होती. ज्याने लस तयार केली त्याला ठाऊक होते, की लशीच्या कुपीपेक्षा ती केव्हा लागणार हे सांगणारा माणूस दुर्मीळ असतो. जिनिव्हाचा हुद्दा त्यांना दहा वर्षांनी मिळाला. नेतृत्व त्यांनी अगोदरच करून दाखविले होते.

५. रिकाम्या दप्तराचे प्रमुख

उलट बाजूचा पुरावाही आहे, आणि तो एका मराठी नावाशी निगडित आहे. डॉ. रमण गंगाखेडकर यांनी पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत दीर्घकाळ काम केले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साथरोग विभागाचे ते प्रमुख झाले. २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात रोजच्या सरकारी वार्ताहरपरिषदांत त्यांचा संयत स्वर साऱ्या देशाने ऐकला. ऑक्टोबर २०२१ मध्ये, नव्या जंतूंचा उगम शोधण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने जे तज्ज्ञमंडळ नेमले त्यात त्यांचा समावेश झाला. या शास्त्रातील याहून मोठ्या विश्वासाची जागा कल्पिणे कठीण. त्या मंडळाने कोरोनाच्या उगमाविषयी २०२२ साली आणि पुन्हा २०२५ साली अहवाल दिले, आणि दोन्ही वेळा सांगितले ते हेच, की चीनकडून मागितलेली कागदपत्रे, रुग्णांच्या प्रारंभीच्या नोंदी, बाजारातील प्राण्यांची माहिती पुरेशी मिळाली नाही, म्हणून निश्चित निकाल देता येत नाही.

यात त्या विद्वानांचा दोष काडीचाही नाही. परंतु निष्कर्ष अटळ आहे. जगातील निवडक बुद्धिमंत एका मेजाभोवती बसले, आणि वुहानच्या पहिल्या आठवड्यांतील वर्दी हाती नसल्यामुळे त्यांना निकाल देता आला नाही. माथा होता, पायऱ्या कोणी काढून नेल्या होत्या.

६. आक्षेप

पहिला आक्षेप असा येईल, की हा सारा भावनेचा बाजार आहे. प्लेगचा वाद अखेर गावाने मिटविला नाही, प्रयोगशाळेने मिटविला. खरे आहे. १९९४ च्या साथीतील जंतू प्लेगचाच होता, यावर हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात झालेल्या जनुकीय परीक्षणाने शिक्कामोर्तब केले, आणि ते २००० साली प्रसिद्ध झाले. मी प्रयोगशाळेचे मोल कमी करीत नाही. मात्र तपासावयाचा नमुना कोणाच्या तरी गाठीतून, कोणाच्या तरी थुंकीतून, वेळेवर घेतला गेला तरच प्रयोगशाळा बोलते. निकाल वर्दीनंतर येतो. वर्दीवाचून तो येतच नाही.

दुसरा आक्षेप, खोट्या वर्दीचे काय? त्या वर्षी देशभर हजारो संशयित नोंदले गेले आणि तपासणीत त्यांतील थोडेच टिकले. याचे उत्तर मी असे देतो, की चौकीदाराने वाऱ्याच्या आवाजाला चोर समजून हाक दिली म्हणून चौकी मोडीत काढण्याची रीत कोणत्याही शहाण्या संस्थानात नव्हती. खोट्या हाकेचा खर्च हा खऱ्या हाकेच्या किमतीतच धरावयाचा असतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. बुद्धिमान तरुणास तळाशी बांधून ठेवणे अन्यायाचे नाही काय? अंबाजोगाईस १९७४ साली स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तेथील विद्यार्थ्याने उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत बाल्टिमोरला जाऊ नये, असे कोण म्हणेल? मीही म्हणणार नाही. त्याने जावे, आणि जाताना नजर सोबत न्यावी. बीड जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडास रजनीकांत आणि मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली आले ते अमेरिकेतील उच्च शिक्षण संपवून. आणि अक्षरशत्रू ठरविलेल्या खेड्यातील स्त्रियांना आरोग्यसेविका करण्याचा त्यांचा प्रयोग १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथात समाविष्ट झाला. ते जिनिव्हास गेले नाहीत. जिनिव्हाच त्यांच्याकडे शिकावयास आली. हे व्रत प्रत्येकाला साधेल असे नाही, आणि साधावे असा माझा आग्रहही नाही. पण दिशा उलटी असूनही कारकीर्द तितकीच जागतिक ठरू शकते, एवढे यातून सिद्ध होते.

७. कोयत्याबरोबर जाणारा रुग्ण

राहिला प्रश्न बीडच्या आजच्या वर्दीचा. दसरा उलटला की या जिल्ह्यातील केज, धारूर, पाटोदा, शिरूर कासार या बाजूंच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, आणि पाच-सहा महिने कारखान्याच्या आवारात किंवा फडाच्या कडेला कोप्या घालून राहतात. क्षयाचा नेहमीचा औषधोपचारही सहा महिन्यांचाच असतो. हे दोन हंगाम एकमेकांवर चढले म्हणजे काय होते, हे समजण्यास संशोधनाची आवश्यकता नाही. ज्याचे नाव गावच्या यादीत आहे तो रुग्ण फडात असतो, आणि ज्या फडात तो खोकतो तेथील यादीत त्याचे नाव नसते. पहाटे फड गाठावयाचा, एक दिवस चुकला तर हजेरी कापली जावयाची, आणि उचल फेडल्यावाचून परतता यावयाचे नाही, अशा स्थितीत तो गोळी कोणाच्या देखरेखीखाली घेणार? औषधाला दाद न देणाऱ्या क्षयावर जिनिव्हात जे प्रबंध वाचले जातात, त्यांचा एक मूळ स्रोत अशा कोप्यांत आहे. आणि त्या कोपीतील खोकल्याची वर्दी देण्याचे काम कोणाच्याही हुद्द्यात नीटसे लिहिलेले नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे, की यापुढे एखाद्या साथरोगतज्ज्ञाचा आपण जिल्ह्यात सत्कार करू तेव्हा त्याला शाल देण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: आपल्या अधिकाराच्या काळात वर्दी देणाऱ्या किती जणांना आपण दंडापासून वाचविले? ज्याला उत्तर देता येईल त्याचे नेतृत्व जागतिक आहे, मग त्याचे कार्यालय जिनिव्हात असो की जामखेडात.

सोखी उपसमितीने १९४० साली मागितलेला दर हजारी एक आरोग्यसेवक या देशाला २००५ साली ‘आशा’ या नावाने मिळाला. पासष्ट वर्षे लागली. गावात ताप कोणाला आहे, गाठ कोणाला आली, कोयता घेऊन कोण निघाले, याची पहिली वर्दी आज तिच्याच वहीत असते. आणि शासनाच्या दप्तरी ती अजूनही कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे.